मेहेंदळे इराला आणतात

चारुदत्त मेहेंदळ्यांनी आयुष्यात एकदाही अर्धवट फॉर्म दिला नव्हता, आणि ही गोष्ट ते लोकांना सांगतही असत. कुणी विचारलं नाही तरी. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी विभागात होते. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. असा माणूस चव्वेचाळीस वर्षं अविवाहित राहिला यात आश्चर्य नव्हतं. आश्चर्य होतं ते पंचेचाळिसाव्या वर्षी नंदिनीनं त्यांच्याशी लग्न केलं याचं.

नंदिनीचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नाची तिला एक मुलगी होती. इरा. वय साडेपंधरा, मुक्काम चिपळूण, आजी-आजोबांकडे. दहावी होईपर्यंत तिनं तिथंच राहावं आणि मग जर्मनीला यावं, असं लग्न ठरतानाच ठरलं होतं. नंदिनी पुढे आली, इरा मागे राहिली, आणि वर्षभर दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल होत राहिला. त्या कॉलमध्ये पाच मिनिटं मेहेंदळ्यांची असत. ते विचारायचे, "काय इरा, अभ्यास कसा चाललाय?" इरा म्हणायची, "ठीक." मग उरलेली पावणेपाच मिनिटं मेहेंदळे हवामानाबद्दल बोलायचे.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी नंदिनी म्हणाली, "चारू, आता इराचा अर्ज करायला हवा. ऑक्टोबरमध्ये ती सोळाची होईल. त्याच्या आत अर्ज गेला नाही, तर तिला जर्मनची ती मोठी परीक्षा द्यावी लागेल म्हणे."

"एक अर्ज तर भरायचा आहे," मेहेंदळे आमटी वाढून घेत म्हणाले. "तीन आठवड्यांचं काम. माझ्यावर सोड."

नंदिनीनं सोडलं. इथून पुढे जे घडलं त्यात तिचा दोष एवढाच.

दुसऱ्याच दिवशी मेहेंदळ्यांनी एक ऑर्डनर आणला. ऑर्डनर म्हणजे दोन कड्यांची, कपाटात ताठ उभी राहणारी जाडजूड फाइल. जर्मनीत माणसाकडे सोफा नसला तरी लोक समजून घेतात, पण ऑर्डनर नाही म्हटल्यावर ते तुमच्याकडे काळजीनं बघतात. मेहेंदळ्यांनी त्यात बारा रंगीत विभाजक घातले, पाठीवर 'इरा' असं छापील लेबल लावलं आणि ते सल्ला घ्यायला बाहेर पडले.

पहिला सल्ला जयंताचा. जयंत शेजारच्या सिंडेलफिंगेनला राहायचा. जर्मनीत येऊन त्याला वीस वर्षं झाली होती, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्याच्याकडे आधीच घडून गेलेली एक केस असायची. "गेनाऊ!" तो म्हणाला. काहीही ऐकलं की तो आधी गेनाऊ म्हणायचा, म्हणजे 'अगदी बरोबर'. मग ते खोडून काढायचा. "माझ्या मेव्हण्याच्या केसमध्ये हेच झालं. लक्षात ठेव, फाइल जाड दिसली पाहिजे. आणि प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत. त्यांना आवडतं ते."

मेहेंदळ्यांनी एकशेचाळीस पिशव्या आणून एकशेचाळीस कागद त्यांत सारले. ऑर्डनर मिटेना. तो घेऊन ते जिन्यानं वर येत असताना खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, भेटल्या. वय सत्त्याहत्तर; नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी कुठल्याशा सरकारी कचेरीत काढली होती. फाइलकडे पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी पायऱ्यांवर चिखलाचे बूट घालून आलंय.

"हेर मेहेंडाले, प्लास्टिक? समोरचा माणूस प्रत्येक कागद बाहेर काढणार, प्रत घेणार, पुन्हा आत घालणार. एकशेचाळीस वेळा! तो तुमचा द्वेष करील. आणि एवढी जाड का? जो कमी कागद देतो त्याला काहीतरी समजलेलं असतं."

मेहेंदळ्यांनी एकशेचाळीस कागद बाहेर काढले. पिशव्या अजूनही त्यांच्या कपाटात आहेत.

जयंताचा आणखी एक सल्ला होता: सावत्र वडील आणि मुलगी यांचा जिव्हाळा दिसला पाहिजे, फोटो जोडा. मेहेंदळ्यांनी फोटो शोधले. तिघांचा मिळून एकच निघाला, लग्नातला, आणि त्यात इराच्या तोंडासमोर आइस्क्रीमचा कप होता. मग त्यांनी व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट पाहिले. त्यांत मेहेंदळे टाय लावल्यासारखे ताठ बसलेले आणि इराच्या बाजूला नुसतं कपाळ. एकूण नऊ कपाळं. ती त्यांनी ओळीनं लावून बघितली आणि फोटोंचा विभाजक काढून टाकला.

पण खरी गंमत सुरू झाली ती कचेरीत. परदेशी नागरिकांची कामं बघणाऱ्या तिथल्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, बराच वेळ पाहिले आणि चष्मा काढला.

"हेर मेहेंडाले, मला मदत करा. पासपोर्टवर मुलीचं नाव इरा आहे, आय-आर-ए. जन्मदाखल्यावर ईरा आहे, डबल ई-आर-ए."

मेहेंदळ्यांनी खुलासा केला. जन्माची नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावाची जागा रिकामी होती. पुढे आजोबांनी, म्हणजे रमेशराव धामणकरांनी, ती स्वतः जाऊन भरून घेतली. रमेशराव निवृत्त मराठी शिक्षक. नातीचं नाव दीर्घ ईनं शोभून दिसतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी इंग्रजी स्पेलिंगमध्येही उतरवलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "आता आई. जन्मदाखल्यावर आईचं नाव मुक्ता. घटस्फोटाच्या निकालपत्रात नंदिनी सरनाईक. आणि तुमची पत्नी नंदिनी मेहेंडाले."

हाही खुलासा मेहेंदळ्यांनी केला, पण त्यांचं जर्मन आता दमायला लागलं होतं. माहेरची मुक्ता रमेश धामणकर. पहिल्या लग्नात ताटातल्या तांदळांत 'नंदिनी' असं लिहिलं गेलं, तेव्हापासून नंदिनी. दाखल्याच्या वेळी मात्र रमेशरावांनी सवयीनं मुक्ता सांगितलं.

"तांदळांत," बाईंनी वहीत लिहून घेतलं. "म्हणजे या कागदांप्रमाणे या कुटुंबात दोन मुली आणि तीन आया आहेत. वडील मात्र एकच आहेत." त्यांनी वर पाहिलं. "आणि ते तुम्ही नाही."

त्यांच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. म्हणूनच मेहेंदळ्यांना ते जास्त लागलं. जर्मनीतल्या अकरा वर्षांतही ज्यांनी एकही अर्धवट कागद दिला नव्हता, त्यांना हात हलवत परत यावं लागलं.

घरी नंदिनी आधी हसली, मग एकदम थांबली. "तांदळात नाव लिहिलं तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं," एवढं म्हणून ती भांडी लावायला गेली.

मग चिपळूणला रमेशराव कामाला लागले. "चारुदत्तराव, काळजी नको, मी प्रतिज्ञापत्र करून पाठवतो," त्यांनी फोनवर सांगितलं आणि पाठवलं. त्यात लिहिलं होतं की मुक्ता, नंदिनी आणि पुन्हा नंदिनी या तिन्ही स्त्रिया एक आणि तीच व्यक्ती असून, ईरा व इरा यांमध्ये केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे, मूलतः भेद नाही. याचं जर्मन करायचं काम स्टुटगार्टच्या एका शपथबद्ध अनुवादकाकडे गेलं. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. त्यानं अदबीनं विचारलं, "हा मजकूर धार्मिक आहे का?"

आया आणि मुली एकदाच्या एक झाल्या. राहिले वडील. कपिल सरनाईक मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. निकालपत्राप्रमाणे इराचा ताबा आईकडे होता, पण जर्मन कायद्याला तेवढं पुरेना. मुलीनं देश सोडायला वडिलांची लेखी, साक्षांकित संमती हवी होती. नंदिनीनं कपिलला मेसेज केला. मिनिटाभरात उत्तर आलं: वर केलेला अंगठा.

"अंगठा चालणार नाही," मेहेंदळे म्हणाले. "सही हवी."

त्यावर कपिलनं कळवलं की तो चार महिने जमिनीवर येणार नाही. फक्त ऑगस्टच्या बारा तारखेला, मंगळवारी, जहाज हॅम्बर्गला लागतंय आणि दुपारी त्याला चार तास मोकळे आहेत. त्या दिवशी नंदिनीची जर्मनची परीक्षा होती. उरलं कोण?

"तू जा," नंदिनी म्हणाली. "छत्री ने. आणि त्याला समजावून वगैरे सांगू नकोस, त्यानं माणूस बिथरतो." जयंत म्हणाला, "गेनाऊ! पण बायकोच्या पहिल्या नवऱ्याला भेटताना घड्याळ चांगलं घाल." मेहेंदळ्यांनी घड्याळ चांगलं घातलं, वर लग्नातला कोट घातला, आणि पहाटेच्या गाडीत बसले. वाटेत रुळांवर मेंढ्या आल्या. मेंढ्यांना कुणी घाई करू शकत नाही हे त्यांना त्या दिवशी पावणेदोन तासांत कळलं. हॅम्बर्गला उतरल्यावर पहिल्याच झोतात छत्री उलटी झाली. नोटारकडे, म्हणजे सह्या साक्षांकित करणाऱ्या वकिलीणबाईंकडे, ते पोचले तेव्हा कोटातून पाणी ठिबकत होतं, आणि सोफ्यावर नारिंगी जाकीट घातलेला एक उंच, देखणा माणूस आरामात कॉफी पीत बसला होता. त्याच्या हातात घड्याळच नव्हतं.

"मेहेंदळे ना? या. टॉवेल मागवलाय तुमच्यासाठी," कपिल म्हणाला.

मेहेंदळ्यांनी वाटेत सहा तास घोकलेलं भाषण टॉवेलात पुसलं गेलं.

टॉवेल घेऊन आलेली मदतनीस मुलगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. हातातला कागद वाचून ती एकदम खुलली. "दोन वडील आणि एक मुलगी! किती छान! मनापासून अभिनंदन!" मेहेंदळे तांबडेलाल झाले. "नाही, नाही, आम्ही एकत्र… म्हणजे मुलगी आमची दोघांची आहे, पण वेगवेगळ्या वेळी…" असं काहीतरी जर्मन त्यांच्या तोंडून निघालं. कपिलला आभाराच्या शब्दापलीकडे जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. तो प्रसन्न हसून म्हणाला, "डांके!"

नोटारबाईंनी संमतिपत्र वाचायला घेतलं. हे पत्र मेहेंदळ्यांनी स्वतः रचलं होतं, शुद्ध जर्मनमध्ये, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बाई वाचत गेल्या तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"'उपरोक्त मुलीचा पुरवठा भारतातून जर्मनीत, अखंड स्थितीत करण्यात येईल. स्वीकृतीच्या वेळी तपासणी होऊन त्रुटी आढळल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "हेर मेहेंडाले, हे मूल आहे की गिअरबॉक्स?"

मेहेंदळे काय करणार? जर्मन ते ऑफिसात शिकले होते. माणसांबद्दल लिहायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. काय झालं हे कपिलला सांगणं भाग पडलं. तो इतका हसला की मदतनीस मुलगी दार उघडून डोकावून गेली. नोटारबाईंनी पाच ओळींचं साधं इंग्रजी पत्र तयार केलं, कपिलपुढे ठेवलं, वर पेन ठेवलं.

कपिलनं पेन उचललं. आणि खाली ठेवलं.

"एक विचारू, मेहेंदळे? इराला विचारलंत?"

"काय?"

"यायचंय का म्हणून."

मेहेंदळ्यांनी मनातल्या मनात सगळी फाइल उलटली. घराचं क्षेत्रफळ होतं, शाळेचं पत्र होतं, आरोग्य विमा होता, आजोबांचं ऱ्हस्व-दीर्घ होतं. हे नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हाच ठरलं होतं, म्हणून… नाही विचारलं."

"मीही नाही विचारलं," कपिल म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आठ-आठ महिने मी पाण्यावर असतो. मी कुठल्या तोंडानं विचारू, असं वाटायचं. पण सही करायची तर तिच्याकडून ऐकल्याशिवाय मला नाही जमणार."

नोटारबाईंनी घड्याळ पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि त्या शांतपणे दुसरा कागद चाळू लागल्या. कपिलनं फोन लावला. चिपळुणात संध्याकाळचे सात वाजले होते. पडद्यावर आधी कपाळ आलं, मग अख्खी इरा.

"बाबा? आणि… तुम्ही पण? दोघं एकत्र?" तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? आई कुठंय?"

"आई बरी आहे गं, परीक्षेला बसलीय," कपिल घाईनं म्हणाला. "यांना तुला काहीतरी विचारायचंय." आणि त्यानं फोन मेहेंदळ्यांच्या हातात दिला.

मेहेंदळे ताठ बसले. सवयीनं त्यांच्या तोंडात 'अभ्यास' आला होता, तो त्यांनी गिळला.

"इरा, तुला इकडे यायचं आहे का? म्हणजे तुला स्वतःला? नको असेल तर तसं सांग. फाइल झाली आहे म्हणून यायला पाहिजे असं काही नाही."

इरानं पलीकडे खोलीचं दार लावून घेतलं.

"मला वाटत होतं, तुम्हालाच मी यायला नकोय," इरा म्हणाली.

"मला? का?"

"रविवारी तुम्ही अभ्यास सोडून काही विचारत नाही. आणि आईला विचारलं की ती म्हणते, ते अजून फाइलवर काम करतायत. तीन आठवडे म्हणाला होतात, अडीच महिने झाले. मला वाटलं, काहीतरी चूक शोधताय. सापडली की सांगाल, जमत नाही म्हणून."

चुका शोधण्याबद्दल त्यांना दोनदा कंपनीचं बक्षीस मिळालं होतं.

"चूक शोधत होतो," ते म्हणाले, "कारण त्यांना एकही सापडायला नको होती."



"मी येईन," इरा म्हणाली. "पण दर वर्षी सुट्टीत आजी-आजोबांकडे यायचं. आणि मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही. बाबा आहेत मला."

"अर्जात तसा रकानाच नाही," मेहेंदळे म्हणाले. ते खरंच होतं. त्यांनी अर्ज नऊ वेळा वाचला होता.

इरा हसली. वर्षभरात मेहेंदळ्यांनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दात थेट नंदिनीचे होते. कपिल उठून खिडकीपाशी गेला आणि पावसाकडे बघत उभा राहिला. मग परत येऊन त्यानं एका झटक्यात सही केली. बाहेर पडताना म्हणाला, "मेहेंदळे, तो गिअरबॉक्सवाला कागद मला द्या ना. इंजिनरूममध्ये लावतो." मेहेंदळ्यांनी मूळ प्रत दिली. मूळ प्रत त्यांनी आजवर कुणालाही दिली नव्हती.

अर्ज सप्टेंबरात मुंबईच्या जर्मन वकिलातीत गेला, सोबत रमेशराव, आजी लताबाई आणि चौसष्ट कागद, प्लास्टिकशिवाय. रविवारच्या कॉलमध्ये मेहेंदळे आता वेगळं विचारायचा प्रयत्न करत. "काय इरा, जेवलीस का?" उत्तर यायचं, "हो." पण त्यानंतर कधीमधी एखादं वाक्य यायचं, चिपळूणच्या मैत्रिणीबद्दल, आजोबांनी पाडलेल्या चष्म्याबद्दल. डिसेंबरात व्हिसा आला आणि जानेवारीत इरा, दोन बॅगा आणि लताबाईंनी दिलेल्या मेतकुटासह, स्टुटगार्टच्या विमानतळावर उतरली. नंदिनी रडली. इरा रडली. मेहेंदळ्यांनी सामान मोजलं.

पहिले तीन दिवस सगळे एकमेकांशी इतकं जपून वागले की घरात पाहुणे आहेत की यजमान हेच कळेना. इरा "चालेल" म्हणायची, मेहेंदळे "तुला हवं तसं" म्हणायचे, आणि नंदिनीला रात्री डोकं दुखायचं.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणानंतर इरानं आपण होऊन डिशवॉशरमध्ये भांडी लावली. मेहेंदळ्यांनी त्यातल्या वाट्या काढून तिरप्या लावल्या. इरानं त्या पुन्हा पालथ्या ठेवल्या. मेहेंदळ्यांनी पुन्हा काढल्या आणि पाण्याचा फवारा कोणत्या कोनात येतो ते सांगायला सुरुवात केली.

"तुम्ही माझे बाबा नाही आहात!" इरा ओरडली.

नंदिनीच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"मला माहीत आहे," मेहेंदळे म्हणाले. "त्याची सगळी कागदपत्रं माझ्याकडेच आहेत."

त्यांनी विनोद केला नव्हता, खरी माहिती दिली होती. पण इराला हसू फुटलं, आणि हसू फुटलं याचाच तिला जास्त राग आला. ती खोलीत गेली आणि तिनं दार असं आपटलं की बाहेरच्या खुंटीवरचे तीन कोट खाली आले.

दोनच मिनिटांत बेल वाजली. दारात फ्राऊ हेबर्ले.

"हेर मेहेंडाले, रविवार आहे. दुपारची विश्रांतीची वेळ आहे. अकरा वर्षांत तुमच्या घरातून कधी आवाज आला नाही. काय पडलं?"

मेहेंदळे सरळ उभे राहिले.

"काही पडलं नाही. माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "सोळा वर्षांची. रागावली आहे."

फ्राऊ हेबर्लेंनी त्यांना खालून वर नीट पाहिलं. "माझ्या तीन होत्या," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून सावकाश खाली गेल्या.

मेहेंदळ्यांनी कोट उचलून खुंटीवर लावले. खोलीचं दार बोटभर उघडलं.

"कोण होतं?"

"खालच्या बाई."

"काय म्हणाल्या?"

"त्यांना तीन होत्या म्हणाल्या."

"तीन काय?"

"मुली."

दार आणखी थोडं उघडलं. "वाट्या मी लावणार," इरा म्हणाली. "माझ्या पद्धतीनं."

"बरं," मेहेंदळे म्हणाले.

ते स्वयंपाकघरात गेले, डिशवॉशरमधल्या सगळ्या वाट्या एकेक करून ओट्यावर काढून ठेवल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून बाजूला उभे राहिले.